मनोऱ्यांच्या पायथ्याचा बाजार

न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचे नाव निघाले की आपल्याकडे विषय थेट ११ सप्टेंबर २००१वर येतो. वर्गात हा उल्लेख आला, की काही नजरा मुस्लिम मुलांकडे वळतात. काही मुले मान खाली घालतात. शिक्षक म्हणून मला वाटते, या मुलांना आणि त्यांच्याकडे पाहणाऱ्यांनाही त्या मनोऱ्यांखालचा बाजार दाखवायला हवा.

हो, मनोऱ्यांखाली बाजार होता, आणि त्याची गोष्ट मनोऱ्यांच्याही आधीची आहे. १९०९ मध्ये हडसन नदीखालून न्यू जर्सीची रेल्वे इथे येऊ लागली. हडसन टर्मिनलच्या दोन जुळ्या इमारतींखाली स्थानक होते आणि तिथेच प्रवाशांसाठी दुकाने. बाहेर कोर्टलँड स्ट्रीटवर १९२०च्या दशकापासून रेडिओ आणि त्याच्या सुट्या भागांची पेठ वाढली. तिला 'रेडिओ रो' म्हणत. मनोऱ्यांसाठी पोर्ट अथॉरिटीने ही जागा घ्यायची ठरवली, तेव्हा दुकानदार कोर्टात गेले आणि १९६३ मध्ये हरले. १९६६ मध्ये पेठेवर हातोडा पडला. 'सार्वजनिक हित' हा शब्द छोट्या दुकानदाराला नेहमीच महागात पडतो.

१९७३ मध्ये ११० मजली मनोऱ्यांचे उद्घाटन झाले. चौकाखाली पुन्हा बाजार भरला. खाली रेल्वे, मध्ये दुकाने, वर कचेऱ्या. नोकरीला जाणारा माणूस वाटेत कॉफी, वर्तमानपत्र घेऊन लिफ्ट पकडायचा. त्या गर्दीत मुसलमानही होते. दक्षिण मनोऱ्याच्या १७व्या मजल्यावर नमाजची खोली होती. उत्तर मनोऱ्याच्या माथ्यावरच्या 'विंडोज ऑन द वर्ल्ड' या रेस्टॉरंटमध्ये बांगलादेशी मुस्लिम वेटर रोजी कमवत होते.

हल्ल्याच्या सकाळी वरून ढिगारा कोसळत असल्याने खाली उतरलेल्या असंख्य लोकांना चौकातून न नेता याच भुयारी बाजारातून बाहेर काढले गेले. दुकानांमधली ती वाट त्या दिवशी जीव वाचवणारी ठरली. मेलेल्यांत त्या रेस्टॉरंटमधले मुस्लिम कामगारही होते. लोकांना वाचवायला धावून गेलेला २३ वर्षांचा मोहम्मद सलमान हमदानीही होता. त्याचा मृतदेह सापडेपर्यंत त्याच्यावरच संशय घेतला गेला.

विमाने पळवणारे १९ जण होते. त्यांचा निषेध करायला मला कुणाच्या आग्रहाची गरज नाही. निरपराधाचा जीव घेणे म्हणजे साऱ्या माणुसकीचा जीव घेणे, हे आम्ही लहानपणीच शिकलो. पण त्या १९ जणांना माझ्या विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी का मानायचे? तिथे ताटे वाढणारा, नमाज पढणारा, मदतीला धावणारा मुसलमान प्रतिनिधी का नाही?

२०१६ मध्ये तिथे पांढऱ्या पंखांसारखे 'ऑक्युलस' हे नवे स्थानक उभे राहिले आणि बाजार पुन्हा सुरू झाला. जर्सी सिटीत राहणारी आपली मराठी मुलेही त्याच रेल्वेने तिथे उतरतात. जागेचा इतिहास ती उद्ध्वस्त करणाऱ्यांपुरता शिकवायचा नसतो. तिथे दुकान मांडणाऱ्यांचा आणि घाम गाळणाऱ्यांचाही तो असतो. एवढे वर्गात सांगितले गेले, तर कुणा मुलाला मान खाली घालावी लागणार नाही.