एकाच भावाचे दोन फॉरवर्ड

डॅलस स्टार्सचा मिको रांटानेन आणि व्हेगास गोल्डन नाइट्सचा मिच मार्नर यांच्या करारांवरचा आकडा एकच आहे: आठ वर्षे, वर्षाला सरासरी १ कोटी २० लाख डॉलर. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या व्यावसायिक आइस हॉकी स्पर्धेतले हे दोघेही उजव्या बाजूचे विंगर. दोघेही २०१५च्या ड्राफ्टमधले, म्हणजे संघ नव्या खेळाडूंची क्रमाने निवड करतात त्यातले. मार्नर चौथा, रांटानेन दहावा. २०२५ मध्ये दोघांनीही नवे करार केले. टेक्सास आणि नेवाडा या त्यांच्या संघांच्या दोन्ही राज्यांत राज्याचा प्राप्तिकर नाही, त्यामुळे करांची सबबही उरत नाही. मग दोघांचे मोल खरोखर सारखे आहे का?

या खेळात गोल करणाऱ्याला एक गुण मिळतो आणि त्याला पास देणाऱ्यांनाही प्रत्येकी एक. २०२४-२५ मध्ये मार्नरने १०२ गुण मिळवले, त्यात गोल फक्त २७. रांटानेनने २०२२-२३ मध्ये १०५ गुण मिळवले, त्यात ५५ गोल होते. बेरीज जवळपास सारखी, ऐवज वेगळा. संधी निर्माण करणारे बरेच असतात, ती जाळ्यात घालणारे मोजके. म्हणून गोलाला अधिक किंमत द्यावी, असे आमचे मत आहे. रांटानेनला त्याच्या तेव्हाच्या कोलोरॅडो संघात मॅकिननसारख्या अव्वल सहकाऱ्याची साथ होती, हा आक्षेप रास्त आहे. पण मार्नरच्याही शेजारी, त्याच्या जुन्या टोरंटो संघात, ऑस्टन मॅथ्यूजसारखा गोल करणारा होताच.

मार्नरची खरी कमाई मात्र गुणतक्त्यात दिसत नाही. सहकारी शिक्षेमुळे बाहेर बसला की उरलेल्या चौघांत तो उतरतो, पासच्या वाटा अडवतो, पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, हिसकावतो. बचावात निपुण फॉरवर्डसाठीच्या सेल्की पुरस्काराच्या २०२३ मधील अंतिम तिघांत तो होता. टोरंटोत त्याच्या वाट्याला आलेल्या चाहत्यांच्या रोषात या कामाची दखल फारशी कोणी घेतली नाही, हे अन्यायाचेच झाले.

तरीही प्लेऑफचा हिशेब टाळता येत नाही. टोरंटोकडून ७० सामन्यांत मार्नरचे ६३ गुण, गोल १३. रांटानेनचे २०२५ अखेर ९९ सामन्यांत १२३ गुण, शिवाय २०२२चा स्टॅनली करंडक, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद. मे २०२५ मध्ये कोलोरॅडोविरुद्धच्या निर्णायक सातव्या सामन्यात डॅलस शेवटच्या सत्रात ०-२ने मागे होता. आपल्याच जुन्या संघावर रांटानेनने त्या एका सत्रात तीन गोल केले. त्यातला एक जाळ्यामागून वळसा घालून मारलेला, शेवटचा रिकाम्या जाळ्यात. विजयी गोलाचा पासही त्याचाच. डॅलस ४-२ने जिंकला. दोघांतून एकच निवडायचा झाला, तर आम्ही रांटानेन निवडू.

पण भाव ठरवताना पगाराची मर्यादाही पाहावी लागते. आयपीएलच्या लिलावात जशी संघाची थैली ठरलेली असते, तशीच येथे दर वर्षी संघाच्या एकूण पगाराला मर्यादा असते. २०१९ मध्ये ती ८ कोटी १५ लाख डॉलर होती. तेव्हा टोरंटोने मार्नरला वर्षाला १ कोटी ८ लाख ९३ हजार देऊ केले, कोलोरॅडोने रांटानेनला ९२ लाख ५० हजार. वर्षाला १६ लाखांहून अधिक फरक. तेवढ्या पैशांत एक उपयुक्त बचावपटू येतो आणि टोरंटोला तो हवाही होता. २०२५-२६ची मर्यादा ९ कोटी ५५ लाख होती. त्यामुळे रांटानेनचा वाटा ११.३ टक्क्यांवरून १२.६ वर चढला, मार्नरचा १३.४ वरून तिथेच उतरला. म्हणजे टोरंटोला जो मार्नर महाग पडला, तो व्हेगासला त्या मानाने स्वस्तात मिळाला आहे.