कॅसिओवर राग, पण ढोलकीवाल्याचा विसर



एप्रिल महिना आला की वस्त्यावस्त्यांतून भीमजयंतीचे कार्यक्रम सुरू होतात आणि त्याबरोबर एक तक्रारही कानावर येऊ लागते. ‘पूर्वीसारख्या गायन पार्ट्या आता राहिल्या नाहीत. गायक एक कॅसिओ घेऊन येतो, बटन दाबतो, ठेका आपोआप वाजतो आणि हा नुसता गातो. यात कला ती काय राहिली?’ ही तक्रार करणारे बहुतेक जण जुन्या सामन्यांना रात्र रात्र जागलेले, चळवळीवर जीव लावणारे लोक आहेत. म्हणून त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेता येणार नाही. पण ते तपासून मात्र घेतले पाहिजे.

प्रथम हे यंत्र काय करते ते पाहू. कॅसिओ हे एका जपानी कंपनीचे नाव. तिने १९८० साली ‘कॅसिओटोन’ हा की-बोर्ड बाजारात आणला आणि पुढे आपल्याकडे कोणत्याही कंपनीच्या की-बोर्डला लोक कॅसिओच म्हणू लागले. आजच्या की-बोर्डात केरवा, दादरा असे ठेके भरलेले असतात. वादकाने डाव्या हाताने कॉर्ड म्हणजे स्वरांचा जोड धरला की ठेका, खर्जाचे सूर आणि साथ त्या जोडाप्रमाणे चालते. उजव्या हाताने तो चाल वाजवतो. सुरुवात, मधला तोडा, शेवट यांची बटने त्यालाच वेळेवर दाबावी लागतात. जोड चुकला तर सगळी साथच बेसूर होते. म्हणजे यंत्रामागे बसलेल्या माणसाला कान आणि तयारी लागतेच. पेन ड्राइव्हमध्ये भरून आणलेल्या तयार ट्रॅकवर गाणे ही याहून निराळी गोष्ट आहे. तिथे वादक नसतोच. लोक या दोन्ही गोष्टींना एकाच मापाने मोजतात, हे बरोबर नाही.

यंत्राची उणीवही खरी आहे. आपला गायक नुसता गात नाही. तो मध्येच थांबतो, शेर म्हणतो, एखाद्या ओळीचा अर्थ समजावून सांगतो, समोरच्या म्हाताऱ्या आईकडे बघून तीच ओळ पुन्हा उचलतो. ढोलकीवाला त्याच्या तोंडाकडे बघत असतो. गायकाने दम घेतला की तो हात आवरतो, गायक उसळला की लग्गी लावतो. यंत्राला माणसाचे तोंड दिसत नाही. त्याला जी लय लावून दिली त्याच लयीत ते चालत राहते. म्हणून पुष्कळदा गायकच यंत्राच्या मागे धावताना दिसतो आणि सांगण्यासारखे बरेच काही गाळून गाणे उरकतो. ज्या गाण्याचे कामच प्रबोधनाचे, त्याचे यात नुकसान होते.

परंतु ‘हे आपले वाद्य नव्हे’ हा आक्षेप मात्र टिकत नाही. आपली पेटी युरोपातून आली. परकी म्हणून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत काही सैल झाली नाही. त्याच काळात आपल्या जलशांतून आणि कव्वालीच्या सामन्यांतून पेटी खेडोपाडी वाजत होती. गायन पार्टीची शान असलेला बेंजोही मुळात जपानचा. तिथे नागोया शहरात १९१२ साली तयार झालेल्या वाद्याचे ते रूप आहे. खुद्द बाबासाहेबांना व्हायोलिनची आवड होती. उलट गावगाड्यात हलगी-डफडे वाजवणे हे आपल्या कित्येक बांधवांवर लादलेले काम होते. तेव्हा जुने ते पवित्र आणि नवे ते बाटगे, हा हिशेब आपल्याला लागूच होत नाही.

आणखी एक दुजाभाव लक्षात घ्या. शास्त्रीय संगीताच्या मैफलीत गायकाच्या मागे इलेक्ट्रॉनिक तानपुरा सर्रास वाजत असतो. तोही बटन दाबून लावलेला. त्या गायकाला कोणी नकली म्हणत नाही. मग वस्तीतल्या कट्ट्यावर गाणाऱ्या आपल्या पोरालाच तेवढे नकली का म्हणायचे?

मग राग धरायचा कोणावर? इथे बाबासाहेबांचा विचार उपयोगी पडतो. ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले?’ या १९४५ सालच्या ग्रंथात त्यांनी गांधीवादाच्या यंत्रविरोधाचा समाचार घेतला आहे. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीवाचून संस्कृती वाढत नाही. यंत्रामुळे दुःख झाले असेल तर दोष यंत्राचा नाही, त्याचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. हाच प्रश्न आपण कॅसिओला लावून पाहू. यंत्रामुळे जे वाचले, ते गेले कोठे?

एक साधा हिशेब मांडतो. समजा, सात जणांच्या पार्टीला समिती २१,००० रुपये देत होती. गाडीखर्च ३,५०० वजा जाता प्रत्येकाच्या हाती २,५०० रुपये पडत. आता कॅसिओ घेऊन तिघे येतात. समिती म्हणते, ‘तिघेच तर आहात, १०,००० घ्या.’ गाडीचे २,५०० गेले की प्रत्येकाला पुन्हा २,५०० रुपयेच. म्हणजे गाणाऱ्याचा एक रुपया वाढला नाही, उलट यंत्राचा हप्ता त्याच्याच डोक्यावर बसला. ढोलकीवाला, बेंजोवाला आणि कोरसचे दोघे असे चार जण घरी बसले. वाचलेले ११,००० रुपये बहुतेक ठिकाणी मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीत जातात. आणि वर आपणच विचारतो, पार्ट्या कुठे गेल्या?

इंग्लंडमध्ये १९८२ साली वादकांच्या संघटनेच्या लंडनमधील एका शाखेने सिंथेसायझर आणि ताल-यंत्रांवर बंदी आणण्याचा ठराव केला होता. बंदी काही आली नाही. पण निदान त्यांनी प्रश्न नेमका ओळखला होता. तो शुद्ध-अशुद्धाचा नव्हता, वादकाच्या पोटाचा होता. आपल्या वादकांची बाजू मांडणारे कोण आहे?

यंत्राचा चांगला उपयोगही आहे. रमाई जयंतीला किंवा वर्षावासात विहारात गाणाऱ्या महिला मंडळांना ढोलकीवाला मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. अशा ठिकाणी घरातली एखादी शिकती मुलगी लहानसा की-बोर्ड घेऊन बसली आणि दहा जणींचे गाणे उभे राहिले, तर त्यात कमीपणा कसला? तिथे यंत्राने कोणाची भाकरी हिरावलेली नाही, उलट गप्प बसलेल्यांना आवाज दिला आहे. मातापित्यांनी मुलीला तो जरूर शिकवावा. मात्र ठेका बटनावर सोडण्याआधी तिला हाताने ताल धरायला शिकवावे.

जयंती समित्यांच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. अंदाजपत्रक करताना गायन पार्टीचा खर्च उरल्यासुरल्या पैशांतून काढू नका, डीजेच्या आधी लिहा. ‘किती जण येणार?’ असे विचारून रक्कम कापण्याऐवजी ‘ढोलकीवाला आणा, त्याचे मानधन वेगळे देतो’ असे सांगा. हँडबिलावर गायकाच्या नावाखाली वादकांचीही नावे छापा. आणि वस्तीतल्या दोन पोरांना जुन्या ढोलकीवाल्याकडे शिकायला पाठवा. त्यांची फी समितीने भरली तर ती वर्गणी सत्कारणी लागेल.

१९३० च्या दशकात भीमराव कर्डकांच्या जलशाने आणि पुढे वामनदादांच्या गाण्याने बाबासाहेबांचा विचार निरक्षर माणसापर्यंत नेला. त्यांच्यामागे ऐकणारा, खिशात हात घालणारा समाज होता. कॅसिओ स्टेजवर राहू द्या. त्याच्या शेजारी ढोलकीवाल्याला जागा करून देणे एवढे तरी आपल्या हातात आहे. येत्या जयंतीच्या पहिल्या बैठकीत हा विषय घ्या.

जयभीम!