मॅपला हात लावण्याआधी

टर्बो गाडीचे रिमॅपिंग शिकायचे आहे, सुरुवात कुठून करू, असे विचारणारी पत्रे आता नेमाने येतात. लिहिणारे बहुतेक गॅरेजमध्ये तयार झालेले तरुण असतात. इंजिन उतरवून बसवता येते, स्कॅनर चालवता येतो, आता ईसीयूच्या आत शिरायचे आहे. आपल्या व्यवसायात त्यांना मिळणारे उत्तर ठरलेले: अमुक टूल घे, तमुककडून ‘स्टेज वन’ची फाइल घे, टाक आणि गाडी पळवून बघ. या उत्तराला आमचा स्पष्ट विरोध आहे. त्यातून फाइल टाकणारे तयार होतात; ट्यूनर घडत नाहीत.

आमचे मत असे, की नवशिक्याने पहिले काही महिने मॅपमधला एकही आकडा बदलू नये. कंपनीतून आली तशी, धडधाकट गाडी घ्यावी आणि तिचे लॉग घ्यावेत. आरपीएम, मागितलेला आणि प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट, इनटेक हवेचे तापमान, लॅम्डा, इग्निशन टायमिंग, आणि नॉकमुळे प्रत्येक सिलिंडरचे टायमिंग किती अंशांनी मागे घेतले गेले ते. मग प्रत्येक रेघ तशी का गेली, हे उस्तादाला समजावून सांगावे. ते जमले की अर्धी विद्या आली.

महाबळेश्वरचेच उदाहरण घ्या. समुद्रसपाटीला बाहेरच्या हवेचा दाब साधारण 101 किलोपास्कल असतो. सुमारे 1,350 मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला तो 86 च्या आसपास उतरतो. ईसीयूने मॅनिफोल्डमध्ये 200 किलोपास्कल मागितले, तर मुंबईत कॉम्प्रेसरला हवा दुपटीने दाबावी लागते, महाबळेश्वरला सुमारे 2.3 पटीने. आकडा तोच, पण टर्बो जास्त वेगाने फिरतो, हवा जास्त तापते आणि नॉक जवळ येतो. म्हणून उंचीवर बूस्टला आवर घालण्याची सोय कंपनीच्या कॅलिब्रेशनमध्ये असते. नवशिक्याला ती कंपनीने दाबून ठेवलेली ताकद वाटते आणि तो ती मर्यादा उठवून मोकळा होतो. घाट चढणाऱ्या गाडीचा लॉग त्याने आधी वाचला असता, तर ती मर्यादा कशासाठी आहे हे त्याला कुणी सांगावे लागले नसते.

इंधनाचेही तसेच. शुद्ध पेट्रोलला वजनाने 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पट. ई20 मध्ये हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते; म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे नऊ टक्के जास्त इंधन सोडावे लागते. शुद्ध पेट्रोलवर बेतलेल्या गाडीत ई20 भरले की फ्युएल ट्रिम अधिककडे सरकतो, आणि नवखा पोरगा हवेची गळती शोधत बसतो. म्हणून हवा-इंधनाचे गुणोत्तर बाजूला ठेवून लॅम्डामध्येच विचार करायची सवय लावा. इंधन कोणतेही असो, लॅम्डा 1 चा अर्थ बदलत नाही. जुन्या गाडीत नॅरोबँड सेन्सर असेल तर वाइडबँडचा खर्च टाळू नका. पूर्ण थ्रॉटलला 0.85 आणि 0.95 यांतला फरक नॅरोबँडला सांगता येत नाही, आणि टर्बो इंजिनचा पिस्टन त्याच फरकात वितळतो.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती छोट्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांची. चाकणला तयार होणाऱ्या कुशाक आणि टायगुनमधले 1.0 टीएसआय घ्या: एक लिटर, 178 न्यूटन-मीटर. गिऱ्हाइकाला सिग्नलवरून सुटतानाच धक्का हवा असतो, म्हणून खालच्या आरपीएमला टॉर्क चढवण्याचा मोह होतो. पण दीड ते अडीच हजार आरपीएमच्या पट्ट्यात, जास्त लोडवर, ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. हा नेहमीचा नॉक नाही. ठिणगीच्या आधी सुरू झालेली आग टायमिंग मागे घेऊन विझत नाही, त्यामुळे नॉक सेन्सरच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. एकच जबर ठोका पिस्टनची रिंगलँड तोडू शकतो. इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियमयुक्त डिटर्जंटचाही यात वाटा आढळला, आणि 2018 मध्ये एपीआयने ‘एसएन प्लस’ हा दर्जा याच त्रासासाठी आणला. ज्याला गाडीत कोणते ऑइल आहे हे विचारायचे सुचत नाही, त्याने त्या गाडीचा टॉर्क वाढवू नये.

नव्या ईसीयूंचा कारभार टॉर्कच्या हिशेबावर चालतो, हेही लॉगमध्येच कळते. फक्त बूस्टचे टेबल वाढवले की ईसीयू थ्रॉटल मिटून घेतो आणि सगळी मेहनत वाया जाते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून त्याचा फॉल्ट कोड दडपणे याला मात्र आम्ही ट्यूनिंग म्हणतच नाही.

अनुभवी वाचकांकडे आमची एक मागणी आहे. तुमच्याकडे शिकायला आलेल्याला फाइल देण्याआधी लॉग द्या, आणि चांगल्या लॉगपेक्षा फसलेले लॉग जास्त द्या. पुढच्या अंकापासून आम्ही दर महिन्याला एक लॉग छापणार आहोत; गाडीत काय चालले आहे ते वाचकांनी ओळखायचे. तुमच्याकडचे लॉग पाठवताना गावाची उंची, त्या वेळचे तापमान, टाकीतले इंधन आणि इंजिनातले ऑइल लिहायला विसरू नका. या चार गोष्टी नसलेला लॉग छापला जाणार नाही.