ताब्याचा वाद आणि मुलाची पोटदुखी

सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात अधूनमधून असे एखादे मूल येते. महिनोन्‌महिने पोट दुखते, पण सोनोग्राफी स्वच्छ आणि रक्त-लघवीच्या तपासण्याही ठीक. दुखणे नेमके शनिवारी सकाळी सुरू होते. खोदून विचारल्यावर सोबतची आजी हळूच सांगते, की दर शनिवारी मुलाला वडिलांकडे पाठवण्याचा कोर्टाचा आदेश आहे.

हे मूल सोंग करत नसते. लहान मुलांचा ताण शब्दांतून कमी आणि शरीरातून जास्त बोलतो. कोणाचे डोके दुखते, कोणी पुन्हा अंथरूण ओले करू लागते, कोणी शाळेत जायला नकार देते. पण यावरून वडील वाईट, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. मुलाला वडिलांची खरोखरच भीती वाटत असेल. किंवा तिथून हसत परतल्यावर आईचा पडणारा चेहरा त्याला सोसत नसेल. किंवा दारात मुलाला सोपवताना होणारी बाचाबाची त्याला नको असेल. लक्षण एकच, कारणे तीन. आणि तिन्हींवरचे उपाय निरनिराळे.

कायद्याची दिशा स्पष्ट आहे. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा असो की १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, केंद्रस्थानी मुलाचे हित आहे. पाच वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावे, असे १९५६ चा कायदा सांगतो. मात्र मुलाच्या हितापुढे आई-वडिलांपैकी कोणाचाच हक्क मोठा नाही. मूल पुरेसे समजदार असेल तर त्याची इच्छाही न्यायालय विचारात घेऊ शकते. ताबा म्हणजे बक्षीस नव्हे आणि तो गमावणे म्हणजे शिक्षा नव्हे, ही कायद्याची भूमिका आहे. कोर्टाच्या आवारात मात्र ती पुष्कळदा विसरली जाते.

हित ठरवायचे कसे, हा खरा प्रश्न. पगार, घर, शाळा हे कागदावर मोजता येते. मुलाची झोप, भूक, भीती आणि माया कागदावर येत नाही. त्यासाठी १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यात समुपदेशकांची तरतूद आहे. शिवाय त्याच कायद्याच्या बाराव्या कलमानुसार न्यायालय वैद्यकीय तज्ज्ञाचीही मदत घेऊ शकते. या कलमाचा वापर अपवाद न राहता, मुलाच्या तब्येतीची तक्रार असलेल्या प्रत्येक प्रकरणात नेहमीचा व्हायला हवा. बालमानसोपचारतज्ज्ञ प्रत्येक तालुक्यात मिळणार नाही, हे खरे. पण जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम अस्तित्वात आहे. न्यायालय आणि जिल्हा रुग्णालय यांच्यात मुलांच्या तपासणीची कायमची व्यवस्था उभी करण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.

अशा तपासणीने काय फरक पडतो, हे जुलै २०२५ मध्ये दिसले. एका मुलाचा ताबा वडिलांना देण्याचा आपलाच आधीचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने फिरवला. त्या आदेशानंतर मुलाची चिंता किती वाढली, हे मानसतज्ज्ञांच्या अहवालांतून पुढे आले होते. ताब्याचा निर्णय दगडावरची रेघ नसतो. मुलाची स्थिती बदलली तर तोही बदलू शकतो.

यात डॉक्टरांचीही जबाबदारी आहे. एकाच पालकाचे ऐकून, दुसऱ्याला न भेटता, 'वडिलांमुळे आजार' किंवा 'आईने मन कलुषित केले' असे प्रमाणपत्र लिहून देणे हे वैद्यक नव्हे. एका पालकाने मुलाला दुसऱ्याविरुद्ध भडकवण्याचे प्रकार घडतात, पण त्याला दिले जाणारे 'सिंड्रोम' हे नाव जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात नाही. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही असे शिक्के घाईने न मारता प्रत्यक्ष वागणूक तपासावी, असे बजावले. डॉक्टरने दिसले ते, मुलाने सांगितले ते मुलाच्याच शब्दांत आणि तारखेसह नोंदवावे. मात्र मारहाणीच्या खुणा किंवा लैंगिक अत्याचाराचा संशय असेल, तर तो ताब्याचा डावपेच समजून दुर्लक्षित करू नये.

पालकांच्या हातातही बरेच आहे. मुलाबरोबर त्याचे लसीकरण कार्ड आणि औषधांची पिशवीही जावी. दम्याचा पंप एका घरी आणि मूल दुसऱ्या घरी, अशी वेळ येऊ नये. परतलेल्या मुलाची उलटतपासणी घेऊ नये. 'तुला कोण जास्त आवडतं?' हा प्रश्न तर कोणीच, कधीच विचारू नये. सोपवण्याची जागा शक्यतो शांत असावी आणि वेळ पाळावी.

नवरा-बायकोचे नाते कोर्टात संपू शकते, आई-वडिलांचे संपत नाही. शनिवारी दुखणाऱ्या पोटावरचे औषध बाटलीत मिळत नाही. 'तू तिकडे खुशाल जा, मजा कर, मी इथेच आहे,' हे वाक्य दोन्ही घरांत मनापासून म्हटले गेले, तर अनेक मुलांचे दुखणे बरेच हलके होईल.