घड्याळातल्या कॅलरी आणि मावशींची भाकरी



आज पिकाबद्दल नाही, मनगटाबद्दल लिहितोय.

आम्ही राहायला पिंपळे सौदागरला. गावातली जमीन कधीच इमारतींखाली गेली, आता शिवार उरलंय ते शिवार चौकाच्या नावात. शेती चाकणच्या पुढं, साडेतीन एकर, कांदा-बटाटा. रोजचं जाणं-येणं मोटारसायकलवर. पुतण्या हिंजवडीला आयटीत आहे. त्यानं दिवाळीला मला पावलं, नाडी आणि कॅलरी दाखवणारं घड्याळ दिलं. लिनियर गार्डनला सकाळी फिरायला गेलं की ज्याच्या त्याच्या मनगटावर तेच. "आज तीनशे जाळल्या", "माझ्या पाचशे", अशा गप्पा चालतात. आमच्याकडं अशा गप्पा पावसाच्या मिलिमीटरवर व्हायच्या.

पहिले काही महिने माझा आकडा लय दांडगा यायचा. मी खूश. मग कळलं की घड्याळ पुतण्याच्या फोनवर चालू केलेलं आणि त्यात वजनही त्याचंच, ८२ किलो. मी ५८ चा. माणूस नुसता पडून राहिला तरी ढोबळ हिशेबानं किलोमागं तासाला एक किलोकॅलरी लागते (घड्याळावर 'कॅलरी' लिहितात ती हीच). म्हणजे मला दिवसाला १४०० च्या आसपास आणि घड्याळ धरत होतं १९७० च्या आसपास. पावणेसहाशेचा फरक, तोही मी काडी न हलवता! तुमच्याकडं असलं घड्याळ असेल तर आधी वजन, उंची, वय काय भरलंय ते बघा. दुसरं, पडद्यावर दिसतो तो दिवसाचा एकूण आकडा आहे का फक्त हालचालीचा, तेही बघा. एकूण आकड्यात हा पडून राहण्याचा खर्च धरलेला असतो. २१०० दिसले म्हणून २१०० चं काम झालं असं नाही.

पुतण्यानं वजन दुरुस्त केलं, आकडा घसरला. आणि तो म्हणाला, "नाना, तुमचं जळतं कमी आणि जेवण जास्त होतंय. दोन भाकरी कमी करा." मी केल्या. एप्रिलचे दिवस, कांदा काढणी चालू. आठ दिवस बरं चाललं. नवव्या दिवशी गोणी उचलताना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि बांधावर बसावं लागलं. डॉक्टरांनी आधी विचारलं, जेवलात काय? पुतण्याचा दोष नाही, त्यानं मायेनं सांगितलं. दोष आकड्यावर आंधळा विश्वास ठेवण्याचा, आणि तो ठेवणारा मीच.

म्हणून जरा खोलात गेलो. घड्याळाच्या पाठीला हिरवा दिवा असतो, तो कातडीखालच्या रक्ताच्या ठोक्यावरून नाडी मोजतो. आत हालचाल टिपणारा सेन्सर असतो. मोजलं जातं ते एवढंच. कॅलरी कुणी मोजत नाही, ती या दोन गोष्टी आणि तुमचं वजन-वय सूत्रात घालून काढलेली असते. आपल्या भाषेत सांगायचं तर ही नजरअंदाज पैसेवारी आहे, पीक कापणी प्रयोग नव्हे. प्रयोगात ठरलेला तुकडा कापून धान्य तोलतात. माणसाच्या बाबतीत ते तोलणं म्हणजे तोंडाला मुखवटा लावून श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजणं. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठानं २०१७ मध्ये ६० माणसांवर सात घड्याळं अशीच पडताळली. नाडीत सातपैकी सहा घड्याळांची चूक ५ टक्क्यांच्या आत. कॅलरीत मात्र सगळ्यात चांगलं घड्याळ सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. आणि हे चालणं, पळणं, सायकल असल्या सरळ कामांत. तिथं कुणी कांदा काढत नव्हतं.

आमच्याकडं काढणीला येणाऱ्या मावशींच्या हाताला मी एक दिवस घड्याळ बांधलं, वजन-वय त्यांचं भरून. सकाळी आठ ते साडेपाच, उकिडवं बसून पात कापणं, पाट्या उचलणं. संध्याकाळी पावलं निघाली माझ्या सकाळच्या तासाभराच्या फेरीपेक्षा कमी, आणि हालचालीच्या कॅलरीही तशाच केविलवाण्या. उलट मी चाकण रस्त्याच्या खड्ड्यांतून गाडीवर बसून आलो, तर मला फुकटची पावलं मिळाली. पाठीवरचा सोळा लिटरचा पंप घड्याळाला दिसत नाही. डोक्यावरची पाटी दिसत नाही. विळा घट्ट धरला की मनगटाची नाडीही नीट लागत नाही. पॉलिहाऊसमध्ये याच्या उलटं होतं. उकाड्यानंच नाडी चढते आणि घड्याळाला वाटतं माणूस लय राबतोय. बीपीच्या काही गोळ्या नाडी मंद ठेवतात, त्या घेणाऱ्याचा आकडा कमी येऊ शकतो.

आता खरा हिशेब बघा. आयसीएमआर-एनआयएनच्या २०२० च्या तक्त्यात ५५ किलोच्या बाईला बैठ्या कामात दिवसाला १६६० किलोकॅलरी धरल्यात आणि जड कामात २७२०. फरक १०६० चा. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ३४० येतात. म्हणजे हा फरक तीनेकशे ग्रॅम पिठाचा, तीन मोठ्या भाकरींचा. घड्याळानं मावशींना बैठ्या कामात बसवलं आणि आपण ते खरं मानलं, तर त्यांच्या ताटातल्या तीन भाकरी आपण 'जादा' ठरवतो. बागेत फिरणाऱ्याला चुकलेल्या आकड्यानं फार तर एक वडापाव जास्त जाईल. राबणाऱ्याला अंधारी येते.

आपल्या पानावर कृषी पदवीधर बरेच आहेत, त्यांना माझं म्हणणं पटेल असं वाटतं. शेतातल्या सेन्सरलाही आपण हेच विचारतो: हे मोजलेलं आहे का काढलेलं? मजुरांच्या मनगटावर पट्टे बांधून काम मोजायची कल्पना उद्या कुणी शेतीत आणलीच, तर माझा तिला आत्ताच विरोध आहे. आधी ते सूत्र उकिडवं बसून तपासून आणा.

घड्याळ मी फेकलेलं नाही. सकाळी उठल्या उठल्याची नाडी बघतो, ती रोजच्यापेक्षा बरीच चढलेली असली तर त्या दिवशी गोण्यांना हात लावत नाही. फिरण्याचा आकडा माझ्याच मागच्या आठवड्याच्या आकड्याशी ताडतो, दुसऱ्याच्या नाही. कॅलरीचा पडदा मात्र बंद केलाय, आणि भाकरी भुकेप्रमाणं.

मावशींना त्यांचा आकडा सांगितला तेव्हा त्या पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "असं व्हय? मग उद्या त्या घड्याळालाच विळा द्या की."