श्रीअन्न म्हणा, पण रेशनवर द्या

ज्वारी तब्येतीला चांगली, हे परभणीच्या माणसाला रील बघून कळत नाही. अंबाडीची भाजी, ठेचा आणि भाकर खाऊन इथल्या कित्येक पिढ्या रानात राबल्या. मग ती भाकर ताटातून कमी का झाली? 'लोकांना किंमत नाही' हे उत्तर मला आळशी वाटतं.

ज्ञानाची टंचाई तर नाहीच. 'परभणी मोती', 'परभणी ज्योती' हे वाण इथल्याच कृषी विद्यापीठाचे. 2018 मध्ये इक्रिसॅटसोबत 'परभणी शक्ती' आला. त्यात किलोमागे सुमारे 45 मिलिग्रॅम लोह, नेहमीच्या ज्वारीत 30 च्या आसपास. रक्तक्षय घरोघरी असलेल्या भागात हे छोटं काम नाही.

(भाकरीनं शुगर बरी होते म्हणणाऱ्यांपासून मात्र लांब राहा. भाकरीतही स्टार्चच असतो. फायदा तंतूंचा आहे: 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम, पॉलिशच्या तांदळात 3 सुद्धा नाहीत. आणि लोह अंगी लागायला सोबत लिंबू पिळलेलं बरं.)

2023 च्या बजेटमध्ये भरडधान्याचं नाव 'श्रीअन्न' झालं. पण त्याच जानेवारीपासून रेशनवर फुकट मिळू लागलं ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य एक रुपया किलो असं लिहिलेलं होतं. गहू-तांदूळ फुकट आणि ज्वारी बाजारभावानं, तर मजुराच्या घरात काय शिजणार? शेतकऱ्याचंही तेच. रोख पैसा सोयाबीन देतं, ज्वारीवर पाखरं बसतात, रब्बीची काढणी हातानं करावी लागते. कडब्यासाठी पेरतो, तेवढीच टिकली आहे. मॉलमधल्या 'ग्लुटेन-फ्री' पाकिटाचा पैसा त्याच्यापर्यंत किती येतो, ते त्यालाच विचारा.

आणि भाकर थापायची कुणी? 'परत मुळांकडे' म्हणणारे लेख बहुतेक पुरुष लिहितात. दिवसभर निंदणी-खुरपणी करून आलेल्या बाईनं दहा माणसांच्या भाकरी थापायच्या, की कुकरची शिट्टी करायची? तिनं भात लावला तर तो संस्कृतीचा ऱ्हास नाही, तिला थोडी उसंत आहे.

म्हणून तिला पोषणाचे धडे देऊ नका. इथली ज्वारी हमीभावानं घ्या, इथल्याच रेशन दुकानात बारा महिने ठेवा, आणि गावातल्या बचतगटाला भाकरीचं यंत्र द्या. पोस्टरचा खर्च त्यात वळवला तरी सुरुवात होईल.