न वापरल्याने रंग जातो?

आपल्या मंडळांच्या व्यासपीठांवर एक दृष्टान्त फार रूढ झाला आहे. गुहेतला मासा अंधारात राहिला, रंगाचा व डोळ्यांचा उपयोग संपला, म्हणून दोन्ही झडले; तद्वत् परमुलखात वाढलेल्या आपल्या नातवंडांची मराठी वापराअभावी झडत आहे. टाळ्याही पडतात. प्रस्तुत लेखकाने हे इतक्या वेळा ऐकले आहे की आता लेखी आक्षेप घेणे भाग आहे. भाषेविषयीची चिंता खरी. माशाविषयीचे विधान खोटे.

हा मासा मेक्सिकोतला. ॲस्टियानॅक्स मेक्सिकॅनस हे त्याचे शास्त्रीय नाव. ईशान्य मेक्सिकोतील एल आब्रा डोंगररांगेच्या व आसपासच्या सुमारे तीस चुनखडीच्या गुहांत त्याचे फिकट, अंध वंश नांदतात, आणि बाहेरच्या नद्यांत त्याच जातीचे डोळस, रंगीत भाऊबंद. दोहोंचा संकर होतो व संततीलाही संतती होते. त्यामुळेच इथे नुसत्या तर्कावर विसंबावे लागत नाही. पाचोन गुहेतल्या माशांचा पांढरेपणा एकाच अप्रभावी जनुकामुळे येतो, हे पेरिहान शादोग्लू यांनी १९५७ सालीच दाखवले. २००६ मध्ये मेरेडिथ प्रोटास व सहकाऱ्यांनी ते जनुक ओळखले : ओसीए-२. माणसातील वर्णहीनतेच्या एका प्रकारामागेही हेच जनुक असते. पाचोन आणि मोलिनो या दोन गुहांत या जनुकाचे निरनिराळे तुकडे गळालेले आढळले. म्हणजे दोन गुहांत दोन स्वतंत्र अपघात झाले. वापराअभावी होणारी झीज अशी नेमकी आणि गुहेगणिक निराळी कशी असेल?

त्याहून बोलकी गोष्ट पुढे आहे. या पांढऱ्या माशाच्या पेशींना ‘डोपा’ हे द्रव्य बाहेरून पुरवले की काळे मेलॅनिन तयार होते! रंगशाळा शाबूत आहे, फक्त पहिल्याच पायरीवर कच्चा माल अडला आहे. न वापरल्याने गंज चढत असता तर सगळीच यंत्रे गंजायला हवी होती.

गुहेतल्या प्राण्यांची दृष्टी जाण्याचे कारण डार्विननेही १८५९ च्या ग्रंथात केवळ अनुपयोग असे दिले होते. तेव्हा जनुक ही कल्पनाच नव्हती. त्याला क्षमा आहे. आपल्याला नाही.

कोणी म्हणेल, अंधाराचा काहीच संबंध नाही काय? आहे, पण उलट्या बाजूने. अंधार जनुक मोडत नाही. मोडलेले जनुक घेऊन जन्मलेल्याला तिथे शिक्षा होत नाही, एवढेच. कदाचित बक्षीसही मिळत असेल. मेलॅनिन ज्या टायरोसीनपासून बनते, त्यापासूनच डोपामिनसारखी मेंदूची रसायनेही बनतात. ओसीए-२ चे काम कमी केले की टायरोसीन व ही रसायने वाढतात, असे २०१३ च्या एका संशोधनात दिसले. दुसरीकडे, २००७ च्या अभ्यासात रंगपेशींच्या संख्येवर प्रभाव टाकणारे जनुकीय भाग काही वाढीकडे, काही घटीकडे झुकलेले आढळले. डोळ्यांच्या बाबतीत मात्र सगळे एकाच दिशेने, घटीकडे. म्हणून रंगाच्या लोपात निवड किती आणि यदृच्छा किती, हा वाद अजून मिटलेला नाही. प्रस्तुत लेखकाला गुहागणिक उत्तर वेगळे असावे असे वाटते. पण दोन्ही पक्षांत अनुपयोगाने जनुक झिजते असे म्हणणारा कोणी नाही.

आणि मासा रंग शिकत नाही. तो अंड्यातून घेऊन येतो. भाषा अंड्यातून उतरत नाही, ती घरात ऐकवावी लागते. ती न ऐकवणाऱ्या वडीलधाऱ्यांनी नातवंडांना आंधळ्या माशाच्या पंक्तीला बसवावे, हा तर अन्यायच. (या वडीलधाऱ्यांत लेखकही आला.)

दृष्टान्त द्यायचाच असेल तर पुढचेही सांगावे. दोन भिन्न गुहांतल्या अंध माशांचा संकर केला असता काही पिलांना दिसू लागले, हे रिचर्ड बोरोव्स्की यांनी २००८ मध्ये दाखवले, कारण दोघांची बिघडलेली जनुके निरनिराळी होती. रंग मात्र पाचोन-मोलिनो संकरात परतत नाही. तिथे दोघांचे तेच जनुक मोडलेले आहे. पुढच्या व्याख्यानापूर्वी वक्त्यांनी एवढे तरी तपासून घ्यावे.